निधनवार्तेखाली दोन ओळी छापा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी नाना पेठेत पिठाची गिरणी चालवते. निवडुंग्या विठोबाच्या देवळापासून चालत तीन-चार मिनिटांवर. माझं लग्न १९८२ चं, आणि तुमचा पेपर आमच्याकडे १९८३ पासून येतो. आधी आमचे हे वाचायचे, मग दळण घेऊन आलेली गिऱ्हाइकं, आणि दुपारी पट्टा थांबला की मी. मी पेपर मागून उघडते. निधनवार्ता आधी, बाकीचं नंतर. पेठेतली गिरणी चालवायची तर ते वाचावंच लागतं. कोणाच्या घरी सुतक आहे, कोणाला दारात डब्याचे पैसे मागायचे नाहीत, हे त्या रकान्यातून कळतं.

त्या रकान्याबद्दलच माझी एक विनंती आहे. दरवर्षी २५ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर हा नेत्रदान पंधरवडा असतो आणि त्या दिवसांत तुम्ही लेख छापता. यंदाचाही वाचला. चांगला होता, कापून ठेवला आहे. पण माणूस चैत्रातही जातो आणि मार्गशीर्षातही जातो, आणि त्या पहाटे कोणाला कपाटातलं कात्रण आठवत नाही. म्हणून रोजच्या निधनवार्तेच्या खाली, काळ्या चौकटीत, फक्त दोन ओळी छापा: नेत्रदान सहा तासांच्या आत होतं, पंखा बंद करा, पापण्या मिटून त्यावर ओला कापूस ठेवा, डोकं उशीवर उंच ठेवा, जवळच्या नेत्रपेढीला फोन करा. आणि त्याखाली पुण्यातल्या नेत्रपेढ्यांचे नंबर. जागा किती लागेल? एका छोट्या जाहिरातीएवढी.

ही विनंती मी का करते आहे, ते सांगायला मला थोडं मागे जावं लागेल.

माझ्या सासूबाई शिरूर तालुक्यातल्या. बाजरी खुडताना उजव्या डोळ्यात कुसळ गेलं. डोळा लाल झाला, कोणीतरी कसलासा पाला सांगितला, त्याचा रस पिळला, आणि डोळा पिकला. महिन्याभरात बुबुळावर फूल पडलं. डाव्या डोळ्याची नजर आधीपासूनच अधू होती. आमचं लग्न झालं तेव्हा त्या मला माझ्या बांगड्यांच्या आवाजावरून ओळखायच्या. चुलीजवळ जाऊ नका म्हटलं की त्यांना अपमान वाटायचा. मग मी त्यांना परातीसमोर बसवून कणीक मळायला द्यायची. कणीक हाताला कळते, तिला डोळे लागत नाहीत.

१९९८ साली एका डॉक्टरांनी सांगितलं, फूल पडलेलं बुबुळ बदलता येतं. बुबुळावर काचेसारखा एक पातळ पडदा असतो, तो दुसऱ्या माणसाचा बसवतात. फक्त तो कोणीतरी मेल्यावर द्यावा लागतो. आमचं नाव यादीत घातलं. सात महिने थांबलो. त्या सात महिन्यांत मला एका गोष्टीची फार लाज वाटायची. देवळात हात जोडले की मनात यायचं, देवा, कोणीतरी जाऊ दे. यांना सांगितलं तर हे म्हणाले, "अगं, जाणारे रोजच जातात. आपण फक्त देणारा मागायचा."

ऑपरेशननंतर पट्टी निघाली, धूसर दिसायला लागलं, मग हळूहळू स्वच्छ. घरी आल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी हे गिरणीतून जेवायला वर आले. सासूबाईंनी यांचा चेहरा दोन्ही हातांत धरून जवळ आणला आणि एकदम रडायलाच लागल्या. "अरे, तू एवढा म्हातारा झालास? आणि मला कोणी सांगितलं नाही?" यांच्या भुवया, मिशा, कानावरचे केस, सगळं पिठाने पांढरं होतं. मी ओला पंचा आणून यांचं तोंड पुसलं. खालून काळ्याभोर भुवया निघाल्या. त्या बाईंनी इतक्या वर्षांनी पाहिलेला तो पहिला काळा रंग.

तेव्हा मामंजींनी ठरवलं की आपणही डोळे द्यायचे. अर्ज भरला, साक्षीदारांच्या सह्या झाल्या, आणि अर्जाची प्रत त्यांनी स्वतःच्या हाताने लोखंडी ट्रंकेत ठेवली, जपून. तिथेच आमची चूक झाली. २००७ साली ते रात्री झोपेत गेले. सकाळी सात वाजता कळलं. नणंद सोलापूरहून यायची होती म्हणून दुपारपर्यंत थांबलो. घरात वीसेक माणसं होती. चहा झाला, बर्फ आणला, वैकुंठ स्मशानभूमीत नोंदणी झाली, गुरुजींना निरोप गेला. त्या वीस माणसांत एकालाही डोळ्यांची आठवण झाली नाही. मलाही नाही. डोक्यावर पंखा सर्रकन फिरत होता, माशा बसू नयेत म्हणून मीच तो पाचवर केला होता. तेराव्याच्या आधी रेशनकार्ड शोधायला ट्रंक उघडली तेव्हा वर तो अर्ज. मामंजींची सही, जाड, थरथरती, शेवटी एक टिंब.

यांनी तो कागद हातात घेतला, वाचला, घडी घातली. दुसऱ्या दिवशी गिरणी उघडली नाही. सणवार सोडले तर आमची गिरणी तेव्हापर्यंत अशी कधी बंद राहिली नव्हती.

त्यानंतर यांनी एक गोष्ट केली. स्वतःचा अर्ज भरला, आणि तो कुलपात न ठेवता गिरणीच्या भिंतीवर, दळणाच्या दराच्या पाटीशेजारी लावला. ज्वारी इतके, बाजरी इतके, हरभरा डाळ इतके, आणि शेजारी यांचा अर्ज. येणारा प्रत्येक माणूस डबा ठेवताना तो वाचायचा. काही लोक म्हणायचे, "माळकरी माणसाने असं अभद्र काय लावलंय?" काही बायका म्हणायच्या, पुढच्या जन्मी आंधळे व्हाल. हे शांतपणे सांगायचे, "देह जाळला की डोळेही जळतातच. मग पुढच्या जन्मी सगळेच आंधळे जन्मायला पाहिजेत." एकदा एका म्हाताऱ्या आजींनी फारच लावून धरलं, तेव्हा हे जे बोलले ते मी विसरले नाही. "आजी, या डोळ्यांनी पांडुरंग बघितलाय. ते राखेत कशाला घालायचे? दुसरं कोणीतरी बघेल त्यांनी."

संपादक महाराज, माझा नवरा आषाढीची पायी वारी कधी करू शकला नाही. गिरणी सोडून वीस दिवस कोण जाऊ देणार? पण तुकोबांच्या पालखीचा पुण्यातला मुक्काम आमच्या पेठेत असतो, निवडुंग्या विठोबाला. माउलींची पालखी भवानी पेठेत, पालखी विठोबाला. त्या दोन दिवसांत दिंड्यांचं दळण हे फुकट करायचे. रात्री दीड-दोनपर्यंत पट्टा चालू असायचा. दिंडीतली माणसं गव्हाची पोती उतरवायची आणि तिथेच ओट्यावर भजन म्हणत बसायची, मोटारीच्या घरघरीत टाळ मिसळायचे. २०२० आणि २०२१ ही दोन वर्षं करोनामुळे पायी वारी झाली नाही, पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. त्या दोन्ही वर्षी हे मुक्कामाच्या रात्री गिरणी झाडून, दगड पुसून, दार उघडं टाकून बसून राहिले होते. कोणी येणार नाही हे माहीत असताना. मी वरून दोनदा हाक मारली. म्हणाले, "तू झोप. माझी वारी चाललीय."

हे यंदा गेले. चैत्रात, हनुमान जयंतीच्या पहाटे. गल्लीतल्या मारुतीपाशी जन्माचं कीर्तन चालू होतं, भोंग्यातून आवाज घरात येत होता. पावणेपाचला यांनी पाणी मागितलं. मी तांब्या घेऊन आले तोपर्यंत संपलं होतं. वय एकाहत्तर, वीस वर्षांचा मधुमेह, दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढलेले.

मी त्या क्षणी रडले नाही. कोणाला ते निर्दयी वाटेल, पण मी पहिल्यांदा पंख्याचं बटण बंद केलं. मग पापण्या मिटल्या. एक पापणी पुनःपुन्हा थोडी उघडत होती, ती बोटाने धरून ठेवली. देव्हाऱ्यातल्या फुलवातींचा कापूस घेतला, भिजवून दोन्ही डोळ्यांवर ठेवला. मुलगा उठून आला होता, तो दारातच उभा होता. त्याला म्हटलं, आधी डॉक्टरांना बोलव, मग भिंतीवरच्या नंबराला फोन कर, नातेवाईक नंतर. सून उशा घेऊन आली. एप्रिलमधला उकाडा, पंखा बंद, आणि मी यांच्या कपाळावरचा घाम पुसायला गेले तेव्हा माझ्या लक्षात आलं की घाम माझ्या हाताचा आहे.

डॉक्टर साडेपाचला आले, त्यांनी लिहून दिलं. नेत्रपेढीची माणसं पावणेसातला आली, एक तरुण डॉक्टर मुलगी आणि एक मदतनीस. मला वाटलं होतं यांना कुठेतरी न्यावं लागेल. काही नाही, घरातच, आमच्याच खोलीत, वीस मिनिटांत झालं. आधी माझी सही घेतली, दोन साक्षीदारांच्या घेतल्या. त्या मुलीने मला एक गोष्ट सांगितली ती सगळ्यांना माहीत असायला हवी. माणसाने जिवंतपणी अर्ज भरला असला तरी त्या वेळी घरच्यांनी होकार द्यावा लागतो. आणि अर्ज भरलेला नसला तरी घरचे देऊ शकतात. म्हणजे कागदापेक्षा घरातल्या माणसाला ठाऊक असणं मोठं. मी विचारलं, यांना मधुमेह होता, चष्मा होता, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, चालेल का? चालतं, म्हणाली. रक्तगटही जुळवावा लागत नाही, कारण त्या पडद्यात रक्तवाहिन्याच नसतात. एचआयव्ही, रेबीज, ब आणि क प्रकारची कावीळ अशा काही आजारांत घेत नाहीत, म्हणून तिने थोडं रक्त तपासणीला घेतलं. सगळ्याच आंधळेपणावर याचा उपाय नाही हेही तिने प्रामाणिकपणे सांगितलं. काचबिंदूने नजर गेली असेल तर पडदा बदलून येत नाही. फूल पडलेल्यांना येते, माझ्या सासूबाईंसारखी.

दार उघडलं तेव्हा हे होते तसेच होते. पापण्या मिटलेल्या, चेहरा शांत. खड्डा नाही, रक्त नाही. लोकांच्या मनात ही एक भीती असते म्हणून मुद्दाम लिहिते. भाऊ, भावजय, पुतणे, सगळे नंतर आले, कोणालाही फरक दिसला नाही. साडेदहाला वैकुंठात सगळं रीतीप्रमाणे झालं.

दशक्रिया ओंकारेश्वरला केली. पिंड ठेवले, आणि कावळा शिवेना. अर्धा तास झाला. गुरुजी म्हणाले, काही इच्छा राहिली असेल तर बोला. मुलगा म्हणाला, गिरणी बंद करणार नाही. सून म्हणाली, आईंना सांभाळू. कावळा कठड्यावर बसला होता, तिथून हलला नाही. मागून नात्यातल्या एकांचा आवाज आला, "डोळे काढून घेतले, आता कसला शिवतोय." हळू बोलले, पण मला ऐकू जाईल इतपतच हळू. शेवटी दर्भाचा कावळा करून विधी पुरा केला. त्या दिवशी घाटावर पंधरा-वीस घरांचे पिंड होते, आणि सकाळी लवकरच्या पिंडांवर कावळे जेवून बसले होते, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. तरीही ते वाक्य माझ्या काळजात आठवडाभर रुतून राहिलं. श्रद्धा असलेल्या माणसाला असं बोलणं फार लागतं. मी सश्रद्ध आहे. मी रोज दिवा लावते, एकादशी करते, यांचा फोटो लावला त्याला हार घालते. म्हणूनच मला वाटतं की यांची इच्छा राहिली नव्हती. जी होती ती मी पावणेसातलाच पुरी केली होती.

तेराव्याला आमचा एक पुतण्या आला होता. हुशार, आयटीत मोठ्या पगारावर, मनाने चांगला. तो हळहळून म्हणाला, "काकांनी मनावर घेतलं असतं तर कुठल्या कुठे गेले असते. एक गिरणी घेऊन आयुष्य काढलं." त्याला मी तेव्हा उत्तर दिलं नाही, तोंडात घास होता. इथे देते.

बाळा, हे दहा हॉर्सपॉवरच्या एका मोटारीवर सुरू झाले आणि एका मोटारीवरच गेले, हे खरं आहे. पण गिरणीत बसलेल्या माणसाला पेठ कशी दिसते ते तुला ठाऊक नाही. यांना चिठ्ठी न बघता झाकणावरून डबा कळायचा. लग्नघरची हळकुंडं, बाळंतिणीच्या घरची खारीक, श्रावणातली राजगिऱ्याची उपासाची दळणं, दिवाळीची भाजणी, आणि कोणाच्या भाजणीत धने जास्त लागतात हेसुद्धा. पाच किलोचा डबा तीन किलोवर आला की हे मला म्हणायचे, मुलगी सासरी गेली बघ. तीनचा दीडवर आला आणि आणणारा हात बदलला, की हे काही बोलायचे नाहीत. ते दळण इतर डब्यांच्या आधी दळायचे आणि डबा स्वतः घरी नेऊन द्यायचे. नवरा गेलेल्या बाईला आणि बायको गेलेल्या म्हाताऱ्याला जिना चढून दीड किलो पीठ पोचवणारा माणूस तुझा काका होता. दर पंधरा-वीस दिवसांनी दगडांना टाकी लावायचे, छिन्नी-हातोडी घेऊन, दुपारभर. टाकी लावली की पहिल्या पिठात कच येते. ते पीठ कोणाच्या डब्यात जाऊ नये म्हणून हे आधी आमच्या घरचे दोन किलो गहू दळायचे आणि फेकून द्यायचे. बेचाळीस वर्षं. कोणी बघायला नव्हतं.

माझ्याशी प्रेमाचं म्हणून कधी काही बोलले नाहीत. पण रात्री अंघोळीनंतर कानांत राहिलेलं पीठ काढायला हे माझ्यासमोर मान वाकवून बसायचे, लहान मुलासारखे. मी पदराच्या टोकाला खोबरेल लावून कान पुसायची. तुळशीची माळही पिठाने पांढरी व्हायची, ती मी एकादशीला धुवायची. आमचं बोलणं झालं तेवढं त्या दहा मिनिटांत झालं. आणि त्याच दहा मिनिटांत, कितीतरी वेळा, हे मला सांगायचे: पंखा बंद करायचा, विसरू नको. मी रागवायची, झोपताना मरणाचं काय बोलता म्हणून. ते बोलले म्हणून त्या पहाटे माझा हात बटणाकडे गेला. मामंजी बोलले नव्हते.

यंदा पालखीच्या मुक्कामाला मुलाने आणि मी मिळून दळण केलं. यांच्याइतकं सरसर जमलं नाही. गहू संपत आला की दगड एकमेकांना घासतात, तो आवाज यायच्या आत दाणा सोडायचा असतो, तो अंदाज माझा दोनदा चुकला. दिंडीतले ओळखीचे वारकरी यांना विचारत होते. मी अर्जाकडे बोट दाखवलं. आता त्याच्या शेजारी नेत्रपेढीकडून आलेलं प्रमाणपत्र आहे. दोघांनी ते वाचलं आणि तिथल्या तिथे आपापल्या घरी फोन लावले. गावाकडे फोन पोचत नव्हता तर एकजण रस्त्यावर जाऊन मोठमोठ्याने बायकोला सांगत होता. टाळांच्या आवाजात तिला नीट ऐकू जात नसावं, कारण तो पुनःपुन्हा ओरडत होता, "डोळे गं, डोळे!"

लोक मला विचारतात, कोणाला बसवले ते कळलं का. कळवत नाहीत, तसा नियम आहे, आणि मला तो योग्य वाटतो. घेणाऱ्यावर ओझं कशाला? सासूबाईंना कोणाचा डोळा मिळाला ते आम्हालाही कधी कळलं नाही. त्या रोज देवापुढे त्या माणसाच्या नावाने एक फूल वाहायच्या, नाव माहीत नसताना.

तर संपादक महाराज, दोन ओळींचं बघा. आणि निधनवार्ता द्यायला येणाऱ्या माणसाला तुमच्या काउंटरवर एक प्रश्न विचारता आला तर तोही विचारा, नेत्रदान केलं का. केलं असेल तर ते वार्तेत छापा. कोण कुठून निवृत्त झालं, मागे किती नातवंडं आहेत, हे तुम्ही छापताच. त्यातच एक वाक्य वाढेल.

माझाही अर्ज भरून झाला आहे. तो मी मुद्दाम जेवताना सगळ्यांसमोर भरला. मुलाने मान खाली घातली, नातीने विचारलं "आजी, तू आत्ता जाणार आहेस का," आणि सुनेने तिला गप्प केलं. म्हटलं, विचारू दे. परवा एकादशीला भगर करताना सून स्वतःहूनच म्हणाली, "आई, पंख्याचं लक्षात आहे. कापसाचं लक्षात आहे. उशी एक ठेवायची का दोन?"

मी म्हटलं, दोन.

आपली,
नाना पेठेतली एक गिरणीवाली, पुणे